बंदरातून घाटावर लोखंडाची वाहतूक परवडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका दादांकडे दोन चौदा टायर ओपन बॉडी गाड्या आहेत, आजपर्यंत साखर, खडी, विटा अशी जवळची भाडी मारली, आता एका कॉन्ट्रॅक्टरकडून वर्षभराचं काम येतंय. मुंबईच्या बंदरात जहाजातून उतरणारी सळई, वायर रॉड आणि प्लेट कराडच्या बाजूच्या पुलांच्या साईटवर आणायची, दर टनावर. त्यांना विचारायचंय की परवडेल का आणि माणूस कुठे कुठे फसतो. शेवटी सिमेंटच्या बल्करचं, म्हणजे सुटं सिमेंट नेणाऱ्या टाकीच्या गाडीचं पण विचारलंय.

मी बरीच वर्षं कळंबोलीत राहून हेच काम करतोय, बंदर ते घाटमाथा, लोखंड जास्त आणि मधे काही काळ सिमेंटचे बल्कर पण चालवले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दादा, पहिली गोष्ट, टनाचा दर ऐकून हो किंवा नाही म्हणू नका. या धंद्यात गाडी महिन्यात किती फेऱ्या पूर्ण करते याच्यावर सगळं आहे, आणि फेऱ्या कमी होतात त्या रस्त्यामुळे नाही तर गाडी उभी राहिल्यामुळे. बंदरात उभी, वजनकाट्यावर उभी, साईटवर हायड्राची, म्हणजे माल उतरवणाऱ्या फिरत्या क्रेनची वाट बघत उभी. रस्त्यावरचे तास जवळपास ठरलेले असतात हो, उभं राहायचे तास ठरलेले नसतात, आणि ते तुमच्या खिशातून जातात कारण कॉन्ट्रॅक्टरने दर टनाला दिलाय, तासाला नाही.

हिशोब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीचे खरे आकडे टाकून परत करा. एका बाजूने ३०० किमी धरा. भरलेली गाडी घाट धरून लिटरला ३ देते समजा, म्हणजे १०० लिटर, येताना रिकामी ५ देते, म्हणजे ६० लिटर. १६० लिटर गुणिले ९० रुपये, १४,४०० झाले. बीएस सिक्स गाडी असेल तर धूर साफ करायचा युरिया डिझेलच्या साधारण ५ टक्के, ५०० रुपये. टोल जाऊन येऊन ५,५०० धरू, ड्रायव्हरचा भत्ता आणि किरकोळ २,६००, टायर-ऑइल-मेंटेनन्सचे फेरीमागे ३,००० बाजूला काढा, हे काढत नाहीत आणि मग टायर बदलायच्या वेळी कर्ज काढतात. एकूण २६,०००. आता उत्पन्न. ४२ टन पासिंगची, म्हणजे मालासकट एकूण ४२ टनांची परवानगी असलेली गाडी, रिकामं वजन बॉडीसकट १२-१३ टन, म्हणजे माल २९ टन. टनाला १,३०० मिळाले तर ३७,७००. फेरीला हातात ११,७०० राहिले. छान वाटतं. पण हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, पार्किंग मिळून महिन्याचा बांधील खर्च दीड लाख असेल तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला १३ फेऱ्या लागतात. म्हणजे एक फेरी सव्वादोन दिवसांत बसली पाहिजे. दोन दिवसांत बसली तर १५ फेऱ्या, २५,५०० उरतात. तीन दिवस लागले तर १० फेऱ्या, ३३,००० घरातून घालायचे. दर तोच, गाडी तीच, माल तोच, फेरीमागे फक्त एक दिवसाचा फरक. म्हणून मी कुठल्याही कामाला आधी विचारतो की लोडिंगला किती वेळ आणि खाली व्हायला किती वेळ, दर नंतर.

बंदरात वेळ कुठे जातो ते सांगतो कारण तुमचा आजपर्यंत बंदराशी संबंध आला नाही. माल परदेशातून आलाय का कोस्टल आहे हे आधी विचारा. देशातल्याच दुसऱ्या बंदरातून आलेला असेल तर कस्टम्सचं फार काही नसतं. इम्पोर्टचा असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद भरला जातो, ड्युटी भरतात, मग कस्टम्स आउट ऑफ चार्ज (ओओसी), म्हणजे माल सोडायची परवानगी देतं, आणि शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) निघते. ओओसी आणि डीओ हे दोन्ही हातात असल्याशिवाय गाडी बंदरात पाठवायचीच नाही. दलाल काय म्हणेल, "गाडी लावून ठेव, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल". तो गाडी लावायला सांगतो कारण त्याला पार्टीला, म्हणजे मालाच्या मालकाला दाखवायचं असतं की माझ्या गाड्या तयार आहेत. तुम्ही व्हॉट्सॲपवर दोन्ही कागदांचे फोटो मागा. आले तर गाडी हलवा नाहीतर घरी राहू द्या, घरी उभी असलेली गाडी निदान दुसरं भाडं घेऊ शकते.

दुसरं, माल हुकखाली मिळणार आहे का प्लॉटवरून, ते विचारा. हुकखाली म्हणजे जहाजाच्या क्रेनमधून सरळ तुमच्या गाडीत. ऐकायला बरं वाटतं पण तिथे जहाजाची घाई असते, जहाज थांबलं की त्याचं डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड चालू होतो, म्हणून एजंट गरजेपेक्षा जास्त गाड्या बोलावून रांग लावतो म्हणजे हुक कधी रिकामा राहू नये. रांगेतल्या गाडीचा वेळ कोणाच्याच हिशोबात नसतो. शिवाय पाऊस आला की हॅच, म्हणजे जहाजाच्या पोटावरची झाकणं बंद, क्रेन बिघडली की बंद, शिफ्ट बदलताना थांबलं. प्लॉटवरचा माल म्हणजे आधी उतरवून यार्डात रचलेला, तिथे नंबर नीट लागतो, पण ठरलेले फुकट दिवस संपले की पार्टीला जागेचं भाडं लागतं, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत सगळेच धावतात. नव्या माणसाने प्लॉटवरचा माल घ्यावा आणि जहाज लागल्या लागल्या पहिल्या गर्दीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गेटवर गाडीचा आणि ड्रायव्हरचा पास लागतो, तो आदल्या दिवशी करून ठेवा. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स, यातलं एक जरी संपलेलं असलं की गाडी गेटवरून परत. पीयूसीसाठी परत आलेल्या गाड्या मी खूप बघितल्यात, शंभर-दीडशे रुपयांच्या कागदासाठी पूर्ण दिवस जातो. ड्रायव्हरला बूट, हेल्मेट, जॅकेट द्या, चप्पल घालून आत सोडत नाहीत आणि सोडूही नये, वर क्रेनला लोखंड लटकलेलं असतं.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं नीट समजून घ्या. २०० किमीला एक दिवस असा नियम आहे, ३०० किमीला दोन दिवस मिळतात, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. वेळ सुरू होते ती पार्ट बी मधे गाडी नंबर टाकल्यापासून. पार्टीचा क्लार्क काय करतो, सकाळी ऑफिसात आल्या आल्या सगळ्या गाड्यांचे नंबर टाकून मोकळा होतो, इकडे गाडी रात्रीपर्यंत आतच. त्याला सांगून ठेवा की गाडी भरून काट्यावर आली की मगच पार्ट बी. आणि वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधी ८ तास किंवा संपल्यानंतर ८ तास एवढ्यातच वाढवता येते, हे ड्रायव्हरला माहिती पाहिजे, त्याने रात्रीच फोन केला पाहिजे, सकाळी नाही. मुदत संपलेल्या बिलावर पकडलं तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात.

आता ओव्हरलोड. तुम्हाला लोक सांगतील की लोखंडात सगळे दोन-चार टन जास्त टाकतात, त्याशिवाय परवडत नाही. वरच्याच आकड्यांत बघा. ३ टन जास्त टाकले तर फेरीला ३,९०० जास्त मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणजे २६,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा खर्च पण तुमचाच. एकदा पकडलं की जवळजवळ सात फेऱ्यांची जादा कमाई गेली, आणि माल उतरवायला रस्त्यावर क्रेन शोधण्यात जे दोन दिवस गेले ते वेगळेच. काट्यावर न थांबता पळालं तर ४०,०००. पण खरं सांगू का, दंड हा यातला छोटा भाग आहे. चौदा टायर गाडी ४२ टनांसाठी बनवलीय म्हणजे तिचे ब्रेक, पाटे, एक्सल सगळं ४२ साठी आहे. २०१८ च्या जुलैमधे सरकारने एक्सलचं वजन वाढवून दिलं तेव्हा कायदेशीर माल आधीच वाढलाय, त्याच्यावर अजून टाकायला जागा राहिलेली नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा काटा पावती मागतो. आणि कॉन्ट्रॅक्टर जर म्हणाला की मी दर कमी देतो तू जास्त भर, तर ते काम सोडा. सरळ सोडा. तो त्याचा नफा तुमच्या ड्रायव्हरच्या जिवावर काढतोय.

लिफ्ट एक्सलचं पण याच्यातच सांगतो. चौदा टायरला वर उचलता येणारा एक्सल असतो, रिकामी येताना उचलायचा, टायर वाचतात, बरोबर आहे. काही ड्रायव्हर भरलेल्या गाडीत पण उचलून ठेवतात, वळणावर गाडी हलकी वळते म्हणून. मग ते सगळं वजन बाकीच्या एक्सलवर जातं. अजिबात चालू द्यायचं नाही.

तुमच्या गाडीत काय बसतं आणि काय नाही हे बघू. सरळ सळई १२ मीटरची येते. तुमच्या बॉडीत ती बसत नाही, मागे बाहेर येते, आणि बाहेर आलेल्या सळईवर २०१४ पासून पूर्ण बंदी आहे, आधी मीटरभर चालायची ती सवलत काढून टाकली. काढली ते अगदी योग्य झालं, रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला, कारवाल्याला ती सळई दिसत नाही, किती माणसं गेली असतील अशी. तेव्हा सरळ सळईला ४० फुटी ट्रेलरच पाहिजे. तुमच्या गाडीला मधून वाकवलेली बंडलं, वायर रॉडची गुंडाळी, छोट्या प्लेटा. कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना हे आधीच लिहून घ्या, नाहीतर तुमची गाडी पोचल्यावर प्लॉटवर फक्त सरळ माल शिल्लक असतो आणि तुम्ही रिकामे परत येता.

बांधणी. इथे मी जरा वेळ घेतो कारण या विषयात मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. लोखंडावर लोखंड घसरतं. प्लेटवर प्लेट, त्यात थोडं तेल किंवा पावसाचं पाणी, आणि ब्रेक जोरात दाबला की वरची प्लेट केबिनकडे येते. केबिनच्या मागची जाळी तिला थांबवू शकत नाही. युरोपात हिशोब असा धरतात की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर पेलला पाहिजे. २८ टन मालाला म्हणजे पुढे २२ टनांच्या वर. एक दोरखंड आणि ताडपत्री यांनी हे होणार नाही हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तर करायचं काय, बॉडीच्या तळाला आणि थरांच्या मधे कोरडी लाकडं किंवा रबराच्या पट्ट्या टाका, घसरणं तिथेच निम्म्याहून कमी होतं. माल पुढच्या फळीला टेकवून लावा, मधे हातभर फट ठेवू नका, कारण फट असली की माल वेग घेऊन आदळतो. चेन आणि ती ताणायचे लोड बाइंडर वापरा, प्लेटच्या कडेवर बेल्ट घालायचाच असेल तर खाली जाड रबर घाला, प्लेटची कड बेल्ट कापते. वायर रॉडची गुंडाळी असेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके आणि ते गुटके खिळ्यांनी ठोकलेले, नुसते सरकवलेले नाहीत. घाट चढताना उलटं होतं, माल मागे सरकतो आणि फाळक्यावर येतो, तेव्हा मागूनही चेन पाहिजे. आणि पहिले पंधरा-वीस किलोमीटर झाले की गाडी बाजूला घेऊन सगळ्या चेन परत ताणायच्या, माल बसतो आणि चेन ढिली होते. खालापूरच्या आधी एकदा हात लावूनच बोरघाटात शिरायचं असा माझ्या गाड्यांना नियम आहे, ड्रायव्हरला कितीही घाई असू दे.

पत्र्याची मोठी कॉइल तुमच्या गाडीचं काम नाही. एकेक कॉइल १५-२५ टनांची असते, सगळं वजन एका जागी, तिला खोबणीवाला ट्रेलर लागतो. कोणी म्हणालं घे रे एवढी एक, तरी नको.

घाटाबद्दल तुम्ही साताऱ्याचे म्हणजे खंबाटकी तुम्हाला पाठ आहे, पण बोरघाट भरलेल्या गाडीला लांबलचक आहे. चढताना डाव्या लेनमधे राहायचं, एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत, लेन सोडली की चलन घरी येतं. मधे थांबायची वेळ आली तर मागच्या चाकाला गुटका लावल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही. इंजिनचं टेंपरेचर बघत जायचं. खरं भय उताराचं. तुमच्या परतीच्या वाटेवर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तिथे काय काय झालंय ते तुम्ही वाचलंच असेल, २०२२ च्या नोव्हेंबरमधे एका अवजड गाडीने बऱ्याच गाड्या ठोकल्या. रिकामी गाडी असेल तर ठीक, पण परतीचं भाडं भरून येत असाल तर तो उतार भरलेल्या गाडीने उतरायचाय. बोगद्याच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, इंजिनवर चालणारा एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, पायाचा ब्रेक राखून ठेवायचा. न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारा ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी माझ्याकडे दुसऱ्या दिवशी नसतो. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, लायनरची पकड जाते, आणि मग पाय कितीही दाबा काही होत नाही, त्याला लोक नंतर ब्रेक फेल म्हणतात. फेल आधीच वरती झालेला असतो, गिअर टाकतानाच.

ड्रायव्हर. दोन गाड्या आणि सव्वादोन दिवसांची फेरी असेल तर तीन ड्रायव्हर ठेवा. रात्रभर बंदराच्या रांगेत जागलेला माणूस पहाटे घाट चढतो आणि त्याच दिवशी परत निघतो, हे करायला लावू नका. रांगेत गाडी पुढे पुढे सरकवायला क्लीनर असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर ड्रायव्हर तेवढा वेळ झोपतो. पगार फेरीवर ठेवू नका, महिन्यावर ठेवा आणि भत्ता वेगळा. फेरीवर पगार ठेवला की तो झोप विकून फेरी मारतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मालकांना हे पटत नाही, पण ज्यांनी केलं त्यांच्याकडे ड्रायव्हर टिकले.

साईटवर आलं की पुढचा वेळखाऊ भाग. पुलाच्या साईटवर एकच हायड्रा असते आणि ती सकाळी शटरिंगला गुंतलेली असते. तुमची गाडी पहाटे पोचली तरी दुपारी रिकामी होते. म्हणून करारात लिहा की साईटवर पोचल्याची नोंद केल्यापासून अमुक तासांत गाडी खाली करायची, त्याच्या पुढे दिवसाला एवढं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे. किती मागायचं? तुमच्या बांधील खर्चातूनच काढा, दीड लाख महिना म्हणजे दिवसाला ५,००० हे अगदी कमीत कमी. तेच बंदरात पण, गेट एंट्रीपासून. कॉन्ट्रॅक्टर नाक मुरडेल, पण त्याला सांगा की हॉल्टिंग मला नकोच आहे, मला गाडी रिकामी पाहिजे. पोचल्याची वेळ स्टोअरकीपरकडून बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर सहीसकट घ्यायची, तोंडी नको, आणि लोकेशनसकट फोटो. साईटचा शेवटचा रस्ता एकदा स्वतः जाऊन बघा, ताज्या मुरुमावर ४२ टनांची गाडी रुतते आणि बाहेर काढायला पोकलेन लागतो, आणि वरून विजेच्या तारा किती उंचीवर आहेत ते हायड्राचा बूम लक्षात ठेवून बघा.

खाली करायची मजुरी, म्हणजे वाराई, तुमच्याकडून मागतील. ज्याचा माल त्याचा हमाल, हे महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी किती वर्षं ओरडून सांगितलंय. करारात स्पष्ट शब्दांत टाका, लोडिंग-अनलोडिंग मालकाचं. एकदा पहिल्या फेरीला दिली की वर्षभर द्यावी लागते.

वजनाचा वाद हा लोखंडातला सगळ्यात वाईट वाद, आणि यात प्रामाणिक गाडीवाला चोर ठरतो, म्हणून नीट समजून घ्या. बंदरावर माल काट्यावर मोजून देतात. साईटवर इंजिनिअर सळ्या मोजतो आणि सूत्राने वजन काढतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे किलो दर मीटर. १६ एमएमची सळई मीटरला १.५८ किलो, १२ मीटरची एक सळई जवळजवळ १९ किलो. आता गंमत अशी की आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या वजनात कारखान्याला सूट आहे, १० एमएमपर्यंत ७ टक्के, त्याच्या वर १६ पर्यंत ५ टक्के, त्याच्याही वर ३ टक्के, कमी किंवा जास्त दोन्हीकडे. म्हणजे सळई ३ टक्क्यांनी जड बाजूला रोल झाली असेल तर काट्यावर २८ टन भरलेला माल मोजणीत ८००-८५० किलो कमी दिसतो. एक सळई सुद्धा कमी झालेली नाही, आणि तुमच्या भाड्यातून जवळपास टनभर लोखंडाचे पैसे कापतात. उपाय एकच, करारात लिहायचं की वजन काट्याला काटा. बंदराचा काटा आणि साईटजवळचा काटा, दोन्ही वैध मापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असलेले, आणि फरक किती टक्क्यांपर्यंत चालेल ते आधीच ठरलेलं. दोन्हीकडे भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं घ्यायची, डिझेलची टाकी आणि गाडीतली माणसं सारखी ठेवून. सोबत बंडलांची संख्या बिल्टीवर लिहून घ्या आणि प्रत्येक बंडलाचा टॅग शाबूत आहे ना ते बघा. टॅगवर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा नंबर असतो, तो कारखान्याच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटशी जुळला नाही तर साईट माल घेतच नाही. सर्टिफिकेटची प्रत ड्रायव्हरकडे पाहिजेच, मेलवर पाठवलीय असं सांगून चालत नाही, रात्री साईटवर मेल बघणारा कोणी नसतो.

परतीचं भाडं. एका बाजूने रिकामं यायचं का, यावर तुमचा नफा बराच वाढू शकतो. तुमच्या भागातून बंदराकडे जाणारा माल भरपूर आहे, साखर आहे, कोल्हापूरचं कास्टिंग आहे. पण परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस थांबणार असाल तर नको, परत वरचा हिशोब करून बघा. माझा नियम असा की गाडी रिकामी व्हायच्या आधी परतीचं भाडं फोनवर पक्कं झालेलं असेल आणि लोडिंग वाटेवरच असेल तरच घ्यायचं. साखर भरणार असाल तर बॉडी धुऊन, कोरडी करून, ताडपत्री वेगळी ठेवा, लोखंडाचा गंज आणि तेल पोत्यांना लागलं की पूर्ण लॉट नाकारतात.

सिमेंट बल्करबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, थोडक्यात सांगतो. गुजरातमधून जहाजाने सुटं सिमेंट मुंबईजवळच्या टर्मिनलला यायला १९९० च्या दशकातच सुरुवात झाली, तिथून बल्कर आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटला जातात. काम नियमित आहे, बांधायची कटकट नाही, पण गाडी त्याच एका कामाची, परतीचं भाडं नाही, आणि प्लांटचा सायलो, म्हणजे सिमेंटची उंच टाकी भरलेली असेल तर उभं राहायचं. कंप्रेसरने साधारण २ बार प्रेशरवर माल वर चढवतात, सायलोचा फिल्टर चोकअप असेल तर वेळ दुप्पट लागतो. आधी लोखंडात वर्ष काढा, मग बघा. सुट्या मालाला, म्हणजे जिप्सम-बिप्समला टिपर लागतो, तो तुमच्याकडे नाहीच. घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, टिपर उलटतो तो रस्त्यावर कमी आणि साईटवर बॉडी वर केल्यावर जास्त, ओला माल एका कोपऱ्यात चिकटून राहतो आणि जमीन तिरकी असते.

पैशांचं. दर डिझेलला बांधून घ्या, करार झाला त्या दिवशीचा डिझेलचा भाव लिहायचा आणि तो ठरलेल्या रुपयांनी हलला की टनाचा दर किती हलणार ते सूत्र लिहायचं. वर्षाच्या कामात हे नसेल तर जोखीम पूर्ण तुमची. ॲडव्हान्स निदान डिझेल आणि टोलएवढा, लोडिंगच्या दिवशीच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली नसेल तर करार करायच्या आधी करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं बंधन कायद्यात आहे, आणि आता वेळेत दिलं नाही तर त्या खर्चाची वजावट कॉन्ट्रॅक्टरला त्या वर्षी इन्कम टॅक्समधे मिळत नाही, त्यामुळे त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करतो. बिलावर उद्यम नंबर छापा. दहा किंवा कमी गाड्या असल्याचं डिक्लेरेशन पॅनसकट दिलं की टीडीएस कापत नाहीत, तेही पहिल्या बिलालाच द्या, कापल्यावर परत मिळवायला वर्ष जातं.

पावसाळ्याचे महिने वेगळे धरा. जून ते सप्टेंबर फेऱ्या कमी होणार हे गृहीत धरूनच वर्षाचा हिशोब करा, लांब सुट्ट्यांना घाटात अवजड गाड्या थांबवतात ते दिवसही वजा करा. करारात महिन्याला कमीत कमी एवढे टन देऊ अशी हमी मागा, आणि माल नसेल त्या महिन्यात तुम्हाला बाहेरचं भाडं घ्यायची मोकळीक लिहून घ्या.

तुमच्या दोन्ही गाड्यांचं आरसीवरचं रिकामं वजन, हप्ता किती आहे आणि कॉन्ट्रॅक्टर नेमका कुठल्या प्लॉटवरून कुठल्या साईटला माल नेणार आहे एवढं खाली लिहा, मी फेरीचा आणि टनाच्या दराचा हिशोब मांडून देतो, आणि तोपर्यंत त्याच्या कागदावर सही करू नका.